सुताआधीची माणसे

थेरगावला आमच्या घराच्या माळ्यावर एक लाकडी अवजार पडून आहे. लांबीला माणसाएवढे. एका टोकाला रुंद फळी, दुसऱ्या टोकाला चोचीसारखा बाक. या दोन टोकांमध्ये कधीकाळी आतड्याची तात ताणलेली असे. ती तुटली त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. रमजानपूर्वीच्या साफसफाईला ते खाली येते, पुसले जाते आणि पुन्हा वर जाते. शेजारच्या एका मुलाने त्याला मोडकी वीणा समजून कोण वाजवायचे म्हणून विचारले होते. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आमचे दादा ते वाजवायचे. फक्त त्यातून गाणे निघत नसे, रुई निघायची.

ही पिंजण. आम्ही पिंजारी. कुठे नदाफ म्हणतात, कुठे मन्सुरी, उत्तरेत धुनिया.

ही ओळख आम्ही फारशी मिरवली नाही. ती पुन्हा उकरावी लागली ती दाखल्यासाठी. काही वर्षांपूर्वी घरातल्या मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी जातीचा दाखला काढायला घेतला. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. दादा शाळेत गेले नव्हते. त्यांचे धाकटे भाऊ गेले होते, त्यांच्या शाळेच्या नोंदवहीत जातीच्या रकान्यात मास्तरांनी एकच शब्द लिहून ठेवलेला : मुसलमान. खिडकीपलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "हा धर्म झाला. जात कुठे आहे?" आणि घरी येऊन ही हकीकत सांगावी तर मोहल्ल्यातले जाणते म्हणणार, "इस्लाममध्ये जात असतेच कुठे?" दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर. या दोन बरोबर उत्तरांच्या मधल्या फटीत आमची चार पिढ्यांची रुई उडून गेली. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची संघटना बांधली आणि १९९०च्या दशकात दिलीपकुमार त्यांच्या व्यासपीठावर येऊन बोलले, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना कळले की आपल्या धंद्याचे नाव सरकारी यादीत बसू शकते. यादीत नाव आले. कागदावर यायचे राहिले.

कागद शोधताना आम्ही पुस्तकेही चाळू लागलो. आणि लक्षात आले की हा रकाना एकट्या शाळेच्या वहीत रिकामा नाही.

कापसाच्या कामाची साखळी आजच्या वाचकाला थोडी उलगडून सांगायला हवी, कारण कापूस आणि कापड यांच्यामध्ये काय घडते हे आता शेतकऱ्याच्या घरातही फारसे कुणाला ठाऊक नसते. बोंडातून कापूस निघाला की रेच्यावर घालून सरकी वेगळी करायची. उरते ती रुई, पण दबलेली, गाठी झालेली. ती पिंजायची. छताच्या आढ्याला दोरीने पिंजण टांगलेली. डाव्या हाताने ती तोलून धरायची, तात रुईच्या ढिगात अलगद बुडवायची आणि उजव्या हातातल्या, दोन्ही टोकांना फुगीर असलेल्या लाकडी दस्त्याने तातेवर ठोका द्यायचा. तात थरथरते, त्या थरथरीने रुईचे तंतू एकमेकांपासून सुटतात, माती आणि पाचोळ्याचा चुरा खाली बसतो आणि पिंजलेली रुई हलकी होऊन पुढे उडते. दादांचे एक वाक्य घरात अजून चालते : "तात ढिल्ली हुई तो रुई की गाठी होती." कुणी अर्धवट काम केले की आम्ही अजून हेच म्हणतो, रुई कुठेही नसते तरी.

पिंजणीचा आवाज लांबवर जायचा. गावात पिंजारी आल्याचे दवंडीविना कळायचे. मात्र त्या कामाची दुसरी बाजू आवाज करत नसे. पिंजलेल्या रुईचा पातळ थर पाटावर पसरून, त्यावर वीतभर गुळगुळीत काडी ठेवून, तळहाताने गुंडाळी करायची आणि काडी ओढून घ्यायची. जी पोकळ वात उरते तो पेळू. पेळू केल्याशिवाय चातीवर सूत चढत नाही, चढले तर तुटते. हे पेळू आमच्याकडे दादी आणि तिच्या जावा करत. चूल, पोरे, पाणी यांच्या मधल्या वेळात. दादीला विचारले की तू काय काम करायचीस, तर ती म्हणे, "मैं? कुछ नै. घर में रहती थी." दिवसाला शेकड्यांनी पेळू वळणारी बाई हे सांगत होती.

आता जरा मागे जाऊ. भारतात चरखा कधी आला, हा इतिहासकारांमधला जुना वाद आहे. १९६९ साली इंडियन हिस्टरी काँग्रेसच्या वाराणसी अधिवेशनात मध्ययुगीन विभागाचे अध्यक्ष म्हणून बोलताना प्रा. इरफान हबीब यांनी असे मांडले की टकळीच्या जागी फिरणारे चाक, म्हणजे चरखा, आणि पिंजाऱ्याची कमान ही दोन्ही साधने तेराव्या-चौदाव्या शतकात तुर्की राजवटीबरोबर इथे रुजली. चरख्याच्या बाबतीत त्यांचा महत्त्वाचा आधार कुठला? इसामी या कवीचे 'फुतूह-उस-सलातीन' हे फार्सी महाकाव्य. इसामी दिल्लीचा. १३२७मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा कोवळ्या वयात, नव्वदीच्या आजोबांबरोबर तो देवगिरी-दौलताबादच्या वाटेला लागला. आजोबा वाटेतच वारले. इसामी दख्खनमध्ये वाढला आणि १३५०च्या सुमारास, पहिला बहमनी सुलतान अलाउद्दीन हसन याच्या आश्रयाने, त्याने हे काव्य पूर्ण केले. म्हणजे भारतातल्या चरख्याचा जो जुना निःसंदिग्ध उल्लेख मानला जातो, तो आपल्या दख्खनच्या मातीत लिहिला गेला.

हा उल्लेख येतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. रझिया सुलताना १२३६ ते १२४० दिल्लीच्या तख्तावर होती. तिच्याविषयी लिहिताना इसामी महाशय नाराजीने सुचवतात की बाईला शोभतो तो चरखा, तख्त नव्हे. एका राणीला हिणवण्यासाठी कवीने चरख्याचा दाखला दिला आणि इतिहासकारांना चरख्याचा पुरावा मिळाला! उपदेश करणाऱ्या पुरुषांचे बायकांच्या कामावर एवढे उपकार तरी आहेत. यातून एक गोष्ट मात्र पक्की होते. १३५०पर्यंत चरखा घराघरांत इतका रुळला होता की 'बाईचे काम' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहावा.

हबीब यांचे म्हणणे सर्वांना मान्य नाही. दक्षिणेतल्या विणकरांचा अभ्यास करणाऱ्या विजया रामस्वामी यांनी त्याला हरकत घेतली. दक्षिणेत पिंजण्याचे तंत्र याहून जुने आहे, असे त्यांचे मत. आम्हाला या वादात निवाडा देण्याची घाई नाही. अमुक वस्तू मुसलमानांनी आणली म्हणून छाती फुगवावी किंवा आधीचीच होती म्हणून समाधान मानावे, यात पिंजाऱ्याच्या पोटाला काही मिळत नाही. आम्हाला हबीब यांच्या मांडणीतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते : उत्तरेपासून दख्खनपर्यंत पिंजाऱ्यांच्या जमाती बहुतांशी मुसलमान का, हा प्रश्न त्यांनी इतिहासाच्या मेजावर ठेवला. आणि तंत्राच्या अंगाने पाहिले तर हिशेब सोपा आहे. टकळीपेक्षा चाक कितीतरी पटींनी जास्त सूत काढते. म्हणजे त्याला तेवढीच जास्त पिंजलेली रुई लागते. जिथे चरखा फिरला, तिथे कुणाला तरी दिवसभर तात ठोकत बसावे लागले असणार.

या धंद्याला आपल्याकडे नावाचा मान नाही असेही नाही. उलट एक नाव तर असे आहे की ज्यापुढे सगळी सूफी परंपरा झुकते. बगदादला ९२२ साली ज्यांना देहदंड झाला ते हुसेन बिन मन्सूर अल-हल्लाज. 'हल्लाज' म्हणजे कापूस साफ करणारा, पिंजणारा. कथा अशी आहे की त्यांनी एका कापूसवाल्याला कामासाठी बाहेर पाठवले आणि तो परत येईतो त्याच्या दुकानातला सगळा कापूस सरकीपासून वेगळा झालेला होता. आमच्या लोकांनी 'मन्सुरी' हे आडनाव घेतले ते याच नात्याने. राजस्थानातले संत दादू दयाल (मृत्यू १६०३) हेही नदाफ होते, असे सतराव्या शतकातल्या 'दबिस्ताने मजाहिब' या फार्सी ग्रंथात लिहिलेले आहे. कबीर विणकर, दादू पिंजारी. विणकराचे घराणे सर्वांना पाठ असते. पिंजाऱ्याचे कुणी विचारले तर सांगायचे.

बायकांच्या कामाकडे मात्र एका परंपरेने नीट कान दिला होता, आणि ती आपल्या सोलापूरला लागून असलेल्या विजापूरची. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथल्या शाहपूर टेकडीवर चिश्ती सूफींचे ठाणे होते. त्यांच्या परंपरेत दख्खनीमध्ये लहान लहान रचना झाल्या : 'चक्कीनामा', 'चरखानामा', पाळण्याची गाणी. दरबाराची फार्सी बाजूला ठेवून, दळणाऱ्या, कातणाऱ्या बाईला कळेल अशा भाषेत. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने १९७८च्या आपल्या विजापूरच्या सूफींवरील पुस्तकात या रचनांचा विचार केला आहे. चरखानाम्यात कातणाऱ्या बाईला सांगितले आहे की कापूस हाती घेताना कोणता जिक्र करायचा, तंतू सोडवताना कोणता, सूत गुंडाळताना कोणता. मशिदीत जिला जागा नव्हती तिच्या कामाच्या जागीच इबादत नेऊन ठेवली. ईटन यांचे म्हणणे असे की दख्खनच्या साध्या घरांत इस्लाम मुरला तो तलवारीने किंवा वादविवादाने नव्हे, तर यासारख्या जात्या-चरख्यावरच्या गाण्यांनी. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. जात्यावरची ओवी आपण सगळेच ऐकत आलो. आमची दादी पेळू वळताना पुटपुटे. लहानपणी आम्हाला वाटे, ती पेळू मोजते आहे. तिच्या हातात तस्बीह फार उशिरा आली, दृष्टी गेल्यावर. त्याआधीची तिची तस्बीह कुठली होती, हे आम्हाला ईटन वाचून कळले, आणि तोवर विचारायला ती नव्हती.

पुढचा भाग आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. १८५४मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची स्थापना केली, मग गिरण्यांचे पेवच फुटले. विलायतेचे सूत त्याआधीच येऊ लागले होते. पण पाठ्यपुस्तकात 'हस्तोद्योग बुडाले' असे एका वाक्यात येते, ते तसे एकदम बुडाले नाहीत. आधी बुडाली कातणारी बाई. विणकर तगला, कारण त्याने गिरणीचे सूत घेऊन हातमाग चालू ठेवला. १८५७नंतरच्या काळात उत्तरेतून आलेले मोमिन विणकर मालेगाव, भिवंडी, धुळे इथे वसले ते याच बळावर, आणि पुढे यंत्रमागावर गेले. आणि पिंजारी? सुतासाठी पिंजणे संपले तेव्हा तो गादीकडे वळला. गादी, उशी, लोड, रजई. गिरणीला हे जमत नव्हते, कारण वापरून दबलेली गादी दर दोन-तीन वर्षांनी उसवून घरच्या अंगणातच पुन्हा पिंजावी लागते. मोमिनांना मालेगाव मिळाले, भिवंडी मिळाली. पिंजाऱ्याला शहर मिळाले नाही, त्याला अंगणे मिळाली. तीही दुसऱ्यांची.

मग गांधीजी आले आणि चरखा पुन्हा फिरू लागला. 'सत्याचे प्रयोग'मध्ये खादीच्या जन्माची हकीकत आहे. ती आम्ही या शोधाच्या निमित्ताने पुन्हा वाचली. गंगाबेन मजमुदार यांनी बडोदे संस्थानातल्या विजापूर गावात घरांच्या माळ्यांवर पडलेले रहाट शोधून काढले. मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पुरवले. पुढे गांधीजींना गिरणीचे पेळू नकोसे झाले, तेव्हा गंगाबेननी पिंजारी शोधला. त्याने महिना पस्तीस रुपये मागितले, कदाचित अधिकच. गांधीजी लिहितात की त्यांना त्या वेळी कोणतीही किंमत जास्त वाटली नसती. रुई पुरवणारे यशवंतप्रसाद देसाई यांचे नाव तिथे आहे. आश्रमात बोलावलेला विणकर रामजी, त्याचे नाव आहे. पिंजाऱ्याचा फक्त पगार आहे.

यात गांधीजींवर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. पिंजण्याला त्यांच्याइतके महत्त्व दुसऱ्या कुणी पुढाऱ्याने दिले नाही. त्यांनी स्वतः पिंजण हातात धरली. आमच्या थेरगावपासून फार लांब नसलेल्या येरवडा तुरुंगात ते कातत आणि पिंजत. पेटीत बसणारा जो घडीचा चरखा देशभर गेला, त्याला 'येरवडा चक्र' हे नावच तिथून मिळाले. १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. त्या समितीने पोरांच्या अभ्यासक्रमात कताई हा मूलोद्योग म्हणून घातला. टकळीपासून सुरुवात. आमच्या मोठ्या चुलत्यांच्या पिढीने शाळेत टकळी फिरवली ती या विचारातूनच. चुलते सांगत की तासाला गुरुजी पेळू वाटायचे आणि बाकीच्या मुलांचे सूत तुटे तेव्हा पिंजाऱ्याच्या पोराकडे येऊन उभी राहायची. त्या एका तासाला ते वर्गात पहिले असत. डॉ. झाकीर हुसेन मे १९६७मध्ये राष्ट्रपती झाले. आमच्या पुराव्याची तारीखही १९६७चीच. योगायोगच.

आमचे घराणे श्रीगोंदे तालुक्यातले, शेख महंमदबाबांच्या मुलखातले. थेरगावला आले ते कारखान्यांच्या ओढीने. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४मध्ये सुरू झाली होती, साठच्या दशकात एमआयडीसी आली, मोटारींचे आणि स्कूटरचे मोठे कारखाने आले. १९७०मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२मध्ये महानगरपालिका. पवनेच्या काठचे थेरगाव तेव्हा शेतीचे गाव होते. अब्बांना एका लहान वर्कशॉपमध्ये काम लागले. दादा पिंजण घेऊन मागून आले. इथे काय पिंजणार, असे सगळे म्हणाले. पण गावोगावहून आलेल्या कामगारांना खोल्या मिळाल्या होत्या, गाद्या नव्हत्या. एका खोलीत सहा जण आणि तीन गाद्या. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा. अशा गादीला विश्रांती कुठली? ती वर्षात दबायची. हिवाळ्यात दादांना उसंत नसे.

पिंजण फार टिकली नाही. पिंजायचे यंत्र आले, विजेवर चालणारे. तासाभरात दादांचे दिवसभराचे काम. दादांना खोकल्याने धरले होते. तोंडाला फडके बांधले तरी रुईची धूळ छातीत जाते. गिरणी कामगारांच्या या आजाराला डॉक्टरांनी बिसिनोसिस असे नाव दिले आहे, आमच्याकडे त्याला 'दमा' एवढेच नाव होते. मग चुलत्यांनी दुसरी वाट काढली. वर्कशॉपमध्ये मशीन पुसायला, तेल टिपायला 'कॉटन वेस्ट' लागते. गिरण्यांतून निघालेला सुताचा गुंताडा. तो किलोवर आणायचा, सोडवायचा, साफ करायचा, भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपना द्यायचा. पाचशे वर्षे ज्यांनी सूत होण्याआधीची रुई हाताळली, ते आता सूत वाया गेल्यावरचा गुंता हाताळू लागले. तो गुंता सोडवायला घरात कोण बसे, हे सांगायला नको. अम्मी आणि खाला. दुपारी, रेडिओ लावून. त्यांना विचारले असते तर त्याही 'कुछ नै' म्हणाल्या असत्या.

आज डांगे चौकाकडून येणाऱ्या रस्त्यावर फोमच्या गाद्यांची काचेची दुकाने आहेत. थंडीच्या दिवसांत कुठेतरी रिकाम्या प्लॉटवर पत्र्याच्या आडोशाला पिंजायचे यंत्र अजून घरघरते. चालवणारा बहुधा बिहारचा किंवा उत्तर प्रदेशचा असतो. आम्ही एकदा थांबून नाव विचारले. मन्सुरी. त्याने आमचे विचारले. मग चहा झाला.

दाखल्याचे काय झाले? २०२३मध्ये मराठा-कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा 'कोतवाल बुक' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. गाव नमुना नंबर चौदा, जन्म-मृत्यूची गावची वही. त्यातल्या जुन्या नोंदी मोडीत. आम्हीही मग तालुक्याला खेपा घातल्या, मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ गाठले. त्यांनी चष्मा पुसत, बोट फिरवत, पाने उलटत दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी एका ओळीवर बोट थांबले. पणजोबांचे नाव, त्यांच्या तान्ह्या मुलाचा मृत्यू, आणि जातीच्या रकान्यात : पिंजारी. शाळेच्या मास्तरांनी 'मुसलमान' लिहिले होते. न शिकलेल्या कोतवालाला मात्र तो माणूस काय काम करतो हे ठाऊक होते. दाखला मिळाला. पुरावा मिळाला तो एका लेकराच्या मरणाने, हे त्या दिवशी घरी कुणी बोलले नाही.

त्या ओळीत बाळाच्या आईचे नाव नव्हते. नुसते 'पिंजारी याचा मुलगा'.

दाखला मिळालेली मुलगी आता कॉलेजात आहे. तिने माळ्यावरची पिंजण उतरवून तिचे फोटो काढले, मापे घेतली, आणि दादी पेळू कशावर वळायची ते विचारले. पेळूची काडी कुठे गेली ते आम्हाला सांगता येईना. अम्मीने ऐकले आणि आतून शिवणाच्या डब्यातून वीतभर लांबीची, हात लागून लागून काळी आणि गुळगुळीत झालेली बांबूची काडी आणून दिली. गेली तीस वर्षे ती तिने सलवारीत नाडा घालायला वापरली होती.